वीराची चांदी

भिवंडीतल्या टेमघरच्या रामनाथ घरताला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. पूर्णा गावच्या एका गोदामात तो कंटेनर उतरवून घेतो, आणि गेल्या एकोणीस वर्षांत सील बदललेला एकही कंटेनर त्याच्या नजरेतून सुटलेला नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे त्याला मेलेल्या राजांच्या चांदीचं वेड आहे. पहिल्या गोष्टीमुळे नोकरीत त्याला मान आहे. दुसरीमुळे बायको चारचौघांत काय बोलेल याचा नेम नाही.

"ह्यांची चिल्लर बघायची असेल तर आधी हात पुसून घ्या," मनिषा पाहुण्यांना सांगते, "आणि कंटाळा आला की किचनमध्ये या, चहा तयार आहे."

चिल्लर म्हणजे नऊ नाणी. रोमच्या बादशहांची, चांदीची, आपल्या रुपयाहून जरा लहान, दोन हजार वर्षांपूर्वीची. भिवंडीच्या माणसाचं रोमशी काय अडलंय, असं कुणालाही वाटेल. रामनाथलाही तसंच वाटायचं. चौदा वर्षांपूर्वी तो कसल्याशा दाखल्यासाठी ठाण्याला गेला होता. साहेब जेवायला गेलेले, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि समोरच्या हॉलवर पाटी होती, 'नाण्यांचे प्रदर्शन, प्रवेश मोफत'. आत एसी असणार एवढ्या आशेवर तो शिरला. तिथे एका म्हाताऱ्या गुजराती व्यापाऱ्याने त्याच्या तळहातावर एक झिजकं नाणं ठेवलं.

"पकडो, काटेगा नहीं. दो हजार साल पुराना है."

एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली, हातात फांदी घेतलेली बाई. ही कोण, असं रामनाथने विचारलं.

"राजा की माँ, ऐसा बोलते हैं. राजा नया था, लोगों का भरोसा नहीं था, तो पीछे माँ को बिठा दिया."

रामनाथला हसू फुटलं. तेव्हा त्यांच्या नाक्यावर एका नव्या उमेदवाराचा फ्लेक्स लागला होता आणि त्यातही उमेदवाराच्या खांद्यामागे हात जोडून आईच उभी होती. म्हणजे हे दोन हजार वर्षांपासून चालत आलंय तर. दाखला त्या दिवशी राहिलाच, नाणं मात्र घरी आलं.

मग त्याने एक शंभरपानी वही घातली. नाण्यावर जे दिसेल ते डाव्या पानावर काढायचं आणि त्याचा अर्थ उजव्या पानावर लिहायचा. जहाजाचं तोंड म्हणजे आरमाराची लढाई जिंकली. मगर म्हणजे इजिप्त खिशात घातला. दोन हात एकमेकांत म्हणजे आपसात भांडणं लागली आहेत आणि ती लागलेली नाहीत असं लोकांना सांगायचंय. वर्तमानपत्र नव्हतं, टीव्ही नव्हता, तर बादशहा आपली बातमी पगाराच्या नाण्यावर ठोकून शिपायाच्या हातात द्यायचा. शिपाई तीच बाजारात फिरवायचा. वही भरत गेली तसा रामनाथ भिवंडीकडेही त्याच नजरेने बघायला लागला. कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुतण्याचा फोटो या वर्षी किती वाढला, कुणाच्या फ्लेक्सवर जुना साहेब कोपऱ्यात सरकला, हे तो रिक्षातून जाता जाता टिपायचा. सहकारी त्याला हसायचे, पण निवडणूक आली की हळूच त्यालाच विचारायचे.

एका नाण्यावर मात्र त्याचा जीव अडकला होता. बादशहा म्हातारा झाला, स्वतःचा मुलगा नाही, म्हणून त्याने मुलीची दोन पोरं दत्तक घेतली आणि नाण्याच्या मागे उभी केली. दोघे भाऊ शेजारी शेजारी, मध्ये ढाली, ढालींमागे भाले. खाली लिहिलेलं, हे उद्याचे म्होरके, तरुणांचे पुढारी. साध्या मराठीत सांगायचं तर युवा नेते. आणि दोघेही तरुणपणीच गेले, पाठोपाठ. काही जाणकार म्हणतात की पोरं गेल्यावरही म्हातारा तेच नाणं पाडत राहिला. हे वाचल्या दिवसापासून रामनाथला ते हवं होतं. प्रदर्शनांत ते दोनदा समोर आलं आणि दोन्ही वेळा त्याच्या आधी दुसऱ्याने उचललं.

आता त्याच्या घरातला एक भाऊ असाच गेलेला आहे, हे इथेच सांगून टाकलं पाहिजे. भरत, त्याच्या पाठचा. तेविसाव्या वर्षी, हायवेवर कंटेनरखाली. त्याला अकरा वर्षं झाली. लग्न ठरत आलं होतं. घरतांच्या घरात अशी रीत आहे की लग्नाआधी गेलेला मुलगा वीर होतो. देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात, म्हणजे देवाची नाहीतर पूर्वजाची मूर्ती उठवलेले नखाएवढे पत्रे. त्यात वीराचा एक जुना टाक होता. गेलेल्याला नवा टाक करायचा नाही, भगताने बोलावलं की तो येऊन त्या जुन्यातच बसतो. भरतही बसला. रामनाथची आई ठकुबाई वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावी एकटी राहते, भाताचं एक खाचर आणि वालाचे दोन वाफे बघते. टेमघरला ये म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. देव कोण बघल? देव म्हणजे कोण, हे रामनाथला न सांगता कळतं.

यंदा फाल्गुनात तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठ दिवस ती खूश होती. नवव्या दिवशी तिने फोन केला.

"रामा, सगळं दिसतं रे. सुईत दोरा घातला मी. पन भरत न्हाय दिसत. पार सपाट झालाय तो. मी त्याला नवा करून घेते."

झिजलेला टाक सोनाराकडे आटवायचा आणि त्याच चांदीचा नवा घडवायचा, हे घरोघरी चालतं. घरतांच्यात त्याला एक जोड आहे. सोनारावर विश्वास ठेवायचा नाही. चांदी मुशीत पडल्यापासून नवा टाक हातात येईपर्यंत घरच्या माणसाने समोर बसायचं, उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मग देव बसवताना त्याच माणसाने हातात हळद घेऊन सगळ्यांसमोर सांगायचं की घरची चांदी घरच्याच देवात गेली. आईने राखणीला अर्थातच रामनाथला निवडलं. चांदीतलं त्याला कळतं आणि सीलं बघण्यात त्याचा जन्म गेलाय, मग दुसरा कोण?

चैत्रातल्या एका गुरुवारी संध्याकाळी तो गावी जाऊन टाक घेऊन आला. आईने चिंच आणि राख लावून तो घासला होता, दरवर्षी घासते तसाच, आणि खणाच्या तुकड्यात गाठ मारून दिला होता.

"गाठ सोनाराच्या म्होरंच सोड," ती म्हणाली.

अंबाडी नाक्यावर चहासाठी त्याने स्कूटर थांबवली आणि खिसा चाचपला. टाक पत्र्यासारखा पातळ असतो. हा बोटांना जाड लागला. कडही सरळ नव्हती, एका जागी फुगलेली, दुसरीकडे चिरलेली. अशी कड त्याच्या बोटांच्या ओळखीची होती. चहा तसाच राहिला. त्याने गाठ सोडली.

वर दोन उभी माणसं. तोंडं गेलेली, पाय गेलेले, पण मध्ये दोन वाटोळ्या ढाली आणि त्यांच्या मागून वर निघालेल्या दोन रेघा. त्याने ते उलटं केलं. देव्हाऱ्यात वीराची बाजू वर असायची आणि दुसरी बाजू फडक्यावर, त्यामुळे आईची चिंच तिला कमी लागली होती. तिथे बादशहा होता, नाकाडोळ्यांनिशी. शंभरएक वर्षं पालथा पडलेला. कडेने अक्षरं होती, अर्धीमुर्धी, पण रामनाथला ती झोपेतही वाचता आली असती. देवाचा मुलगा. देशाचा बाप.

पणजोबांना नांगरताना वीर सापडला, असं घरात सांगायचे. रामनाथला ती देवांची गोष्ट वाटायची. कल्याणच्या बंदरात तेव्हा रोमची जहाजं लागायची, हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, पण त्याने या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. देव हातात घेऊन बघायचे नसतात, लांबून पाया पडायचं. त्यामुळे ज्याच्यासाठी तो इतकी वर्षं प्रदर्शनं पालथी घालत होता ते त्याच्या आईच्या देव्हाऱ्यात हळदीत बुडालेलं होतं, आणि परवा, शनिवारी, ते आटायचं होतं. त्याच्याच डोळ्यांसमोर. तेच त्याचं काम होतं.

शुक्रवारी गोदामात त्याने एका कंटेनरचं सील न बघताच सही केली. मुकादमाने दाखवून दिल्यावर त्याने ती सही खोडली.

"आईंना सरळ सांगा ना," मनिषा म्हणाली. "म्हणावं, हे जुनं नाणं आहे, ठेवू या. टाक दुसरा करू."

सांगायला काय, तोंड उघडायचा अवकाश होता. पण पुढे काय? आई विचारणार, नाणं हाय तर वीर कुठं हाय? अकरा वर्षं मी निवद कोणाला दाखवला? रामनाथचा देवांवर तसा विश्वास नाही, पण आई सकाळी उठून पहिलं त्या टाकाशी बोलते. भाताला पाणी किती झालं ते सांगते, गुडघा दुखतो ते सांगते. तिच्यापुढे जाऊन हा परदेशी बादशहाचा नातू आहे, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नाही सांगितलं, तर दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत चांदीचा थेंब होणार. दोन्हीकडून त्याची कोंडी झाली. आणि अशा कोंडीत माणूस जे करतो तेच त्याने केलं. कुणालाच न दुखावणारी वाट त्याने शोधली, म्हणजे चोरी.

त्याने अल्बम उघडला. ठाण्याला घेतलेलं पहिलं नाणं, बसलेल्या आईचं, नऊमधलं सर्वांत झिजलेलं होतं. वजन जवळपास तेवढंच. ते खणात बांधलं आणि दोन भावांचं नाणं त्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं. आपण इतिहास वाचवतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. एक दिवस संग्रहालयाला देऊ, असंही सांगितलं. हे सगळेच संग्राहक स्वतःला सांगतात. मग अल्बम कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि दहा मिनिटांनी परत उघडलं. बंद कपाटात, अंधारात, प्लॅस्टिकच्या कप्प्यात. त्याला ते बघवेना. आपला विश्वास नाही हे त्याने मनात चारदा म्हटलं आणि नाणं काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. शनिवारी सकाळी शर्ट बदलला तेव्हा तेही या खिशातून त्या खिशात आलं.

भिवंडीच्या बाजारपेठेत घरतांचा सोनार ठरलेला. म्हातारा गेल्यापासून त्याचा मुलगा देवेश दुकान बघतो. तिशीतला पोरगा, पण देवांच्या कामात वडिलांइतकाच काटेकोर. त्याने रामनाथला समोर चटईवर बसवलं, गाठ सोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रामनाथदादा, आजींचा फोन आला होता. जुन्यावर वीर दोघं उभे आहेत, नव्यावर एकच घोड्यावर घडव म्हणाल्या. ही तर एकच बाई बसलेली दिसते."

रामनाथने चटईची कड सारखी केली. "झिजलाय," तो म्हणाला. "आईला आता दिसतं तरी किती?"

"ऑपरेशन झालं ना त्यांचं? सुईत दोरा घातला म्हणाल्या."

"झालं. एकाच डोळ्याचं."

देवेशने नाणं दोनदा फिरवून बघितलं आणि खांदे उडवले. त्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या देवाला नाव ठेवायची पद्धत नाही. पद्धत होती ती तीनदा विचारायची. "आटवू?" रामनाथने मान हलवली. "आटवू?" पुन्हा हलवली. "दादा, तोंडाने सांगा. आटवू?" "आटव."

बर्नरची निळी जीभ मुशीत शिरली. आधी बाईच्या हातातली फांदी गेली, मग खुर्ची. ती बसल्या जागी वाकली आणि गोळा होऊन गरगरली. आपल्या हाताने घेतलेलं हे पहिलं नाणं, आणि नव्या राजाने पाठीशी बसवलेली ही त्याची आई, हे रामनाथला आठवलं. पाणी मागावंसं वाटलं. पण पाणी प्यायचं नव्हतं. दुपारी दीडला देवेशने गुंजभर नवी चांदी घालून घडवलेला टाक त्याच्या हातात दिला. घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार, डोळे टपोरे. सुरेख होता. रामनाथ त्याच्याकडे धड बघूही शकला नाही.

रविवारी देव बसायचे होते. मनिषाची ड्युटी होती म्हणून तो एकटाच गावी गेला. ठकुबाईने ओटीवर सारवलं होतं, आणि पाड्यावरून वाघ्या भगत आला होता. वाघ्याने रामनाथच्या आजोबांचेही देव बसवलेत. तो फार बोलत नाही. त्याने तांदळाच्या ढिगावर नवा टाक ठेवला. ठकुबाई वाकली, चांगला डोळा टाकाच्या अगदी जवळ नेऊन बघितलं आणि रडायला लागली.

"दिसला रे. डोळं बघ त्याचं. दिसला."

रामनाथचा हात नकळत शर्टाच्या खिशावर गेला. आता इथून लवकर सुटका व्हावी, एवढंच त्याला वाटत होतं. एक वाक्य. ते बोललं की जेवण, जेवण झालं की स्कूटर.

वाघ्याने त्याच्या उजव्या हातावर चिमूटभर हळद ठेवली.

"बोल. घरची चांदी घरच्याच देवात गेली?"

रामनाथने तोंड उघडलं. एकोणीस वर्षं रोज सकाळी तो अशीच खात्री देत आला होता, सील शाबूत, माल तोच, खाली सही. इथे सहीही नको होती. एक शब्द हवा होता, 'गेली'. घामाने हळद ओली होऊन मनगटावर ओघळली.

आईला वाटलं, तो शब्द विसरला. तिने हळूच सांगितलं, "'गेली' बोल, रामा. एवढंच बोलायचं असतं."

रामनाथ खाली बसला, खिशातून नाणं काढलं आणि तांदळावर, नव्या टाकाशेजारी ठेवलं. मग सगळं सांगितलं. प्रदर्शन, वही, अंबाडी नाका, बसलेली बाई. सांगताना त्याने आईकडे एकदाही बघितलं नाही.

वाघ्याने नव्या टाकाकडे बोट केलं. "मंग ह्यात कोन हाय?"

"माझ्या नाण्याची चांदी आहे, बाबा."

"आनि भरत?" ठकुबाईने वाघ्याला विचारलं. "भरत कुठं हाय आता?"

"ते मी काय सांगू, बाय? ज्यानं हलवला त्याला इचार."

दोघे रामनाथकडे बघत राहिले. नाण्यावरच्या प्रत्येक रेघेचा अर्थ त्याला येत होता. मगर सांगता येत होती, जहाज सांगता येत होतं. आपला भाऊ कुठे आहे ते मात्र सांगता येत नव्हतं, आणि ते आईला सांगता येऊ नये ही त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज वाटली. "मला माहीत नाही, आये," तो म्हणाला.

ठकुबाईने नाणं उचललं. पदराने पुसलं. रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती थकल्यासारखी बोलली.

"मागितला असतास तर दिला असता. निवद दाखवला असता, भरतला बोलले असते, बाबा, ही जागा तुज्या भावाला हवी हाय, तू ह्या नव्यात ये. आला असता तो. तुजं कवा ऐकलं न्हाय त्यानं? पन तू मागितला न्हायस, रामा. तू माज्याकडून चोरलास."

"आये, चुकलं."

"चुकलं तर चुकलं. आता हे मी तुला देनार न्हाय, आनि असं चोरलेलं घरातबी ठेवनार न्हाय. उद्या दोन्ही आटवायचं, एकात एक. वाघ्यादादा, चालंल ना?"

वाघ्याने मान डोलावली. रामनाथ म्हणाला, "बरं, मी बसतो उद्या."

"तू न्हाय," ठकुबाई म्हणाली. "मी बसते."

सोमवारी त्याने ड्युटी बुडवली आणि आईला पहिल्या बसने भिवंडीत आणलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, गाठ मुठीत. रामनाथने रात्रभर मनाशी ठरवलेली वाक्यं एकेक करून आठवून पाहिली. निदान फोटो काढू दे. निदान बादशहाची बाजू एकदा नीट बघू दे. संग्रहालयाचं तरी सांगू का? प्रत्येक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि मुठीकडे बघून परत गेलं. बाजारपेठेत शिरताना कुठल्याशा फ्लेक्सवर एक आजोबा दोन नातवांच्या खांद्यांवर हात ठेवून उभे होते. त्याने पटकन नजर वळवली.

देवेशने आजींना बघितलं, रामनाथचं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. दोन चटया टाकल्या. नवा टाक मुशीत ठेवला. ठकुबाईने गाठ सोडली, पण नाणं लगेच दिलं नाही. ते तिने रामनाथपुढे धरलं.

"काय लिवलंय त्याच्यावर, ते वाच एकदा. आमी इतकी वर्सं नुसतंच कुंकू लावत व्हतो."

रामनाथने नाणं तिच्या तळहातावरच राहू दिलं आणि बोटाने दाखवत वाचलं.

"ह्या बाजूला आजा. लिहिलंय, हा देवाचा मुलगा, देशाचा बाप. आणि ह्या बाजूला त्याचे दोन नातू. भाऊ भाऊ. लिहिलंय, हे उद्याचे म्होरके. म्हणजे माझ्यामागे हे दोघं राज्य करतील."

"आनि केलं?"

"नाही. आज्याच्या आधीच गेले. दोघंही. लग्नाकार्याच्या वयात."

"मंग आज्यानं काय केलं?"

"काही लोक म्हणतात, पोरं गेल्यावरही तो नाणं पाडत राहिला."

ठकुबाईने ते डोळ्याजवळ नेलं. तोंडं नव्हतीच, तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजी आमचं काय चुकलं न्हाय," ती म्हणाली. "वीरच व्हते ते." मग अंगठा दोघांवरून फिरवला. "कवापासून उभी हायेत रे पोरं. ढाली घेऊन. बसू दे आता त्यांना."

तिने नाणं रामनाथच्या हातात दिलं. मुशीत ते त्यानेच ठेवायचं होतं. ठेवताना ते कडेला लागून टणकन वाजलं, मग आत नव्या टाकावर आडवं पडलं, बादशहा खाली, भाऊ वर.

"आटवू?" देवेशने विचारलं. ठकुबाई गप्प. "आटवू?" ती तशीच समोर बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारताना देवेशने तिच्याकडे नाही, रामनाथकडे बघितलं.

"आटव," रामनाथ म्हणाला.

ज्वाळा मुशीत शिरली तेव्हा आईने त्याचं मनगट धरलं, आणि चांदीचं पाणी होईपर्यंत सोडलं नाही. त्याला धीर द्यायला धरलं, की त्याने मध्येच हात घालू नये म्हणून, हे तिने सांगितलं नाही, आणि विचारायची त्याची अजून छाती झालेली नाही.